आई मुद्दाम असं वागते का?

"मॅडम, आत्याच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं ते आईला अजून आठवतं. मग बांगड्या स्वतःच उशीखाली ठेवल्या, हे कसं आठवत नाही? मला चोर म्हणते ती!" समोर बसलेली लेक रडत नव्हती, संतापली होती. आई ७२ वर्षांची. दोन वर्षं विसरणं हळूहळू वाढत गेलेलं.

हा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. अल्झायमर या स्मरणशक्ती हळूहळू नेणाऱ्या आजारात मेंदूतल्या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, हिप्पोकॅम्पसला, बहुधा लवकर इजा होते; जुन्या आठवणी त्यामानाने बराच काळ टिकतात. म्हणजे बांगड्या ठेवल्याची आठवण आई लपवत नव्हती, ती तयारच झाली नव्हती. वस्तू जागेवर नाही, आपण हलवल्याचं आठवत नाही, मग ‘कुणीतरी घेतली’ एवढाच अर्थ मेंदूला लागतो. आणि संशय बहुतेक वेळा सतत जवळ असणाऱ्यावर जातो. जी सगळं करते, तिच्यावरच.

हे ऐकल्यावर ती रडली. मी तिला रडू दिलं.

निदान मी करत नाही, ते न्यूरॉलॉजिस्टचं काम. त्यांनी स्मरणचाचणी, एमआरआय आणि थायरॉइड, बी-१२ च्या रक्तचाचण्या केल्या. या कमतरतांमुळेही विसरणं वाढतं आणि त्यांवर उपचार होतो, म्हणून ‘वयच झालं’ म्हणून घरी बसू नये. आईचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनांनी तरतरी आली, पण विसरणं राहिलं. अल्झायमरच होता. डोनेपेझिल सुरू झालं. या गोळीने आजार थांबत नाही, काही जणांची लक्षणं काही काळ आवरतात. हे मी आधीच सांगते, खोटी आशा फार महागात पडते.

घरी एकच गोष्ट बदलायला सांगितली. "मी नाही घेतल्या" म्हणायचं नाही. "चल, दोघी शोधू" म्हणायचं. भांडणं बरीच निवली.

परगावच्या भावाला मात्र पटत नव्हतं. "फोनवर आई अगदी नीट बोलते, तूच वाढवून सांगतेस." दहा मिनिटांच्या गप्पांत सुरुवातीचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सहज झाकला जातो. मी त्याला आठ दिवस बहिणीशिवाय आईजवळ राहायला सांगितलं.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "मॅडम, आज आईने मला चोर म्हटलं. ताईशी काय बोलू?"