एक वार धर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझी लांबलचक यादी वाचली. परराष्ट्र सेवेतल्या तुझ्या बायकोला शिकायला अरबी भाषा मिळाली, दूतावासात थर्ड सेक्रेटरी म्हणून कैरोला जायचं ठरलं, आणि नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडून तिथे आपण करायचं काय, या काळजीत तू यादी केलीस. मुलांना कोडिंग, योगवर्ग, मराठी मंडळींचा गणपती, निर्वासितांच्या शाळेत गणित, वर एक यूट्यूब चॅनल. ‘बायकोच्या मागे चालला’ असं धरमपेठेत कोण म्हणतं, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. त्यातून तू केव्हाच पुढे गेला आहेस.

एवढं मात्र माहीत असू दे. सी. बी. मुथम्मा 1949 मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, या सेवेतली पहिली बाई. त्या काळी बाई अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागे, आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं वाटलं तर राजीनामा मागता येई. 1979 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. त्या नियमांच्या हिशेबात तुझ्यासारखा नवरा नव्हताच. म्हणून मिशनमधल्या, म्हणजे आपल्या दूतावासातल्या, मंडळींना सुरुवातीला तुझं काय करावं ते कळणार नाही. जेवणाच्या निमंत्रणावर ‘सौ.’ छापून येईल. हसून सोडून दे आणि कामाला लाग.

आता काम. पगाराची नोकरी करता येईल का, हे त्या देशाच्या कायद्यावर आणि आपल्या-त्यांच्या करारावर असतं. 1961 च्या व्हिएन्ना करारानं अधिकाऱ्याच्या कुटुंबालाही तिथल्या खटल्यांपासून संरक्षण मिळतं. बहुतेक ठिकाणी नोकरी धरली की त्या कामापुरतं ते सोडावं लागतं. घरी बसून लॅपटॉपवर इथल्या कंपनीचं काम करणार असशील तरी आधी मिशनमध्ये लेखी विचार. तोंडी ‘चालतं हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. यूट्यूब चॅनल आजच यादीतून काढ. तू जे बोलशील ते दूतावास बोलला असं धरतील, आणि भोगायला लागेल तिला.

उरलेल्या यादीतलं काहीही कर. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी शेवटपर्यंत म्हणणार आहे: एक वार धर. आठवड्यातला एक दिवस, एक ठिकाण, ठरलेली वेळ. आपल्याकडे उपवासाचा वार पाळतात तसा. पाहुणे आले, पाऊस आला, राजदूतांकडे जेवण निघालं, तरी वार मोडायचा नाही.

हे मी आत्याकडून शिकले. कमलाताई होस्पेटांनी 1921 मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. तरुणपणी वैधव्य आलेली बाई, परिचारिकेचं शिक्षण घेऊन उभी राहिली. त्यांच्या सीताबर्डीच्या दवाखान्यात आत्या दर बुधवारी जायची. बाळंतिणींची दुपटी घडी करायची, बस्स. घरात लग्न असलं तरी बुधवारी दुपारी आत्या सापडायची नाही.

यजमानांच्या परदेशातल्या बदल्यांपायी माझी शाळेतली नोकरी गेली, गणिताचे तास गेले, त्याची खंत आजही जात नाही. पहिल्या पोस्टिंगला कोणी काही सांगणारं नव्हतं. पाहुण्यांच्या याद्या, सामोसे, 26 जानेवारीला मुलांची गाणी बसवणं, यातच वर्षं सरली. ती कामं वाईट नाहीत. व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या महिला मंडळाचा बाजार भरतो, त्यातून मुलांच्या संस्थांना चांगला पैसा जातो. पण बाजार उठला की आपण घरी.

मग आखातात गेलो. घरकामाला आलेल्या, मालकाकडून पळून आलेल्या बायका आपल्या दूतावासाच्या आसऱ्याला होत्या. 2009 पासून आपल्या दूतावासांकडे कल्याण निधी असतो. तिकीट, उपचार, राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून होतो. शेजारी बसायला माणूस मात्र त्यातून येत नाही. मी गुरुवार धरला. गोदावरीकाठची एक तेलुगू बाई भिंतीला पाठ लावून बसायची, नावसुद्धा सांगायची नाही. मी खोबरेल आणि फणी घेऊन जायचे. बायका एकमेकींच्या डोक्याला तेल लावायच्या, ती बघत राहायची. पुढच्या गुरुवारी तेल, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेल. एकदा रस्त्यात गाड्या अडकल्या आणि मी पोचले तर तीच हिंदीत म्हणाली, ‘आज देर हो गया.’ म्हणजे ती वार मोजत होती. त्या दिवशी तिनं बाही वर करून इस्त्रीचा डाग दाखवला. पासपोर्ट मालकाकडे होता, वर ‘पळाली’ म्हणून त्याचीच तक्रार. मी अधिकाऱ्याला बोलावलं, त्यानं जबाब लिहून घेतला, पुढे रीतसर आउटपास, म्हणजे पासपोर्टऐवजी घरी परतण्यापुरता कागद, निघाला आणि ती घरी गेली. मी रोज गेले असते आणि मग महिनाभर गायब झाले असते, तर तिनं तोंड उघडलं असतं?

याच गुरुवारावरून मी बोलणी खाल्ली. एका वरिष्ठांच्या पत्नीनं गुरुवारी जेवण ठेवलं, मी आधी कळवून गेले नाही. शिष्टपणा म्हणाले, यजमानांनाही ऐकावं लागलं, घरात दोन दिवस अबोला. आजही मला वाटतं मी बरोबर होते. जेवायला पुष्कळ जणी होत्या. तिकडे बायका माझी वाट बघत होत्या. तू म्हणशील, काकू हट्टी आहेत. आहे.

कैरोत शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवार कामाचा. वार ठरवताना हे लक्षात ठेव. मौलाना आझाद सांस्कृतिक केंद्रात हिंदीचे, योगाचे वर्ग चालतात, तिथे हात लागत असतील तर विचार. निर्वासितांच्या शाळेत जायचं असेल तर पुन्हा आधी मिशनला विचार, कारण सुदानी कुटुंबांचा प्रश्न तिथे नाजूक आहे. नवीन संस्था काढू नकोस. तुझी तीन वर्षांनी बदली होईल आणि मुलं वाऱ्यावर. जे आधीपासून चालू आहे त्यात शीर. आणि दुसऱ्या खेपेलाच कोणीतरी म्हणेल, ‘साहेब, व्हिसाचं बघा ना.’ बघायचं नाही. काउंटर कुठे, खिडकी किती वाजता उघडते, एवढं सांग. फायलीला हात लावलास की तुझा वारही गेला आणि तिची नोकरीही अडचणीत.

आणि कैरोपर्यंत थांबतोस कशाला? दसऱ्याला दीक्षाभूमीवर तू पाणी वाटतोस, ते सोडू नकोस. पण त्या दिवशी हात पुष्कळ असतात. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी इस्पितळात, केसपेपरच्या खिडकीपाशी गडचिरोलीहून, बालाघाटहून आलेली माणसं उभी असतात. कोणता विभाग, कुठला मजला, रक्त कुठे द्यायचं, काही कळत नाही. मी हल्ली गुरुवारी तिथेच असते. कंपनीकडून सकाळची सवलत माग, नाहीतर तुला जमेल तो दुसरा वार घे, मी तिथल्या मंडळींशी बोलून ठेवते. या आठवड्यात येणार असशील तर नऊपर्यंत पोच, नंतर गर्दीत मी सापडत नाही. चष्मा आणि पेन आण, अर्ज भरून द्यावे लागतात.

तुझी,
काकू