बांधापलीकडचा पाऊस

गेल्या अंकात बायबलमधल्या, पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाची पहिली ओळ घेतली होती: देवाची लाडकी मुले या नात्याने त्याचे अनुकरण करा. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ही पाच.

पाळकसाहेब, रावेरकडे माझी तीन एकर केळी आहे. शेजारी दर वर्षी नांगरताना बांध कोरतो. आतापर्यंत दोन तास (नांगराच्या दोन ओळी) जमीन गेली. देवासारखी प्रीती करायची म्हणजे गप्प बसायचे का?

नाही. आपल्या पापाबद्दल देव गप्प बसला असता तर क्रूस कशाला लागला असता? भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, फी भरा, हद्दीच्या खुणा करून घ्या.

पण मत्तय 5:45 मध्ये प्रभू येशू देवपित्याची ओळख शेतकऱ्याला कळेल अशीच देतो. तो आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. (आपल्या खानदेशात पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो नि पलीकडे धूळ उडते, हे मलाही ठाऊक आहे. पण बांध कोणी कोरला हे विचारून तो पडत नाही.) शेजारी सरळ झाला की मग मी चांगला वागेन, ही अट पित्याने कधी घातली नाही. म्हणून मोजणीची तारीख त्याच्या घरी जाऊन तुम्हीच सांगा, नुसत्या नोटिशीवर सोडू नका. मे महिन्यात त्याची मोटार जळाली आणि बाग करपू लागली, तर तुमच्या बोअरचे पाणी चार दिवस तिकडे वळवा. मोजणी त्याच आठवड्यात असली तरीही. पारावर त्याची निंदा करू नका. मला वाटते, पाणी देण्यापेक्षा तुम्हाला हेच जड जाईल.

आणि मोजणीत तुमच्याकडेच त्याचे एखादे तास निघाले, तर परत द्या.

मनात राग असताना चांगले वागणे हे ढोंग नाही का? (धुळे)

ढोंगात समोरच्याला फसवायचे असते. पौलाने ‘लाडकी मुले’ हे शब्द उगाच घातलेले नाहीत. आई कळण्याची भाकरी थापत असते, शेजारी चार वर्षांची पोर पिठाचा गोळा घेऊन बसते. तिची भाकरी वेडीवाकडी, एका बाजूला जाड, मधेच फाटलेली. आई तीही तव्यावर टाकते आणि संध्याकाळी बाप ती मिरचीच्या ठेच्याशी खातो. पोर ढोंग करते असे त्या घरात कोणी म्हणत नाही.

मात्र खोटे गोड बोलू नका. ‘मला तुमचा राग आलाय, पण मी तुमचे वाईट करणार नाही,’ एवढे खरे बोलता येते. उरलेला राग देवाजवळ ओका. स्तोत्रग्रंथातली कितीतरी स्तोत्रे त्यातच गेली आहेत.

एदेन बागेत सापही ‘तुम्ही देवासारखे व्हाल’ असेच म्हणाला होता. मग फरक काय? (तरुण संघ, भुसावळ)

सापाने देवाची खुर्ची दाखवली, पौल देवाचा स्वभाव दाखवतो. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा: देवाच्या बरोबरीचा असूनही ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले. देवाची सर्वज्ञता आपल्या वाट्याची नाही. ती घरात आजमावणारे सासरे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. निर्गम 34:6 मध्ये देव स्वतःच सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. मंदक्रोधापासून सुरुवात केली तरी आयुष्यभराचे काम आहे.

नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतल्या बायका म्हणतात, प्रभूने किती सोसले, तूही सोस. (नंदुरबार जिल्हा)

ताई, आधी सुरक्षित जागी जा. जिवाला धोका वाटला तर 112, महिलांच्या मदतीसाठी 181. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, आणि न्यायालय नवऱ्याला तुमच्यापासून दूर राहण्याचा आदेश देऊ शकते.

आता शास्त्राचे. प्रभू म्हणाला, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. तुमच्यावर तर तो मार लादला जातो आहे. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक 4:30). हेही त्याचेच अनुकरण. क्षमा म्हणजे सूड न घेणे. मार खायला परत जाणे नव्हे. आणि त्या बायकांना माझा निरोप द्या: सोसण्याचा उपदेश पुरे, घरातली एक खोली रिकामी करून द्या.

हे सगळे मोठे प्रसंग झाले. माझ्यासारख्या कोरडवाहूवाल्याने रोज काय करायचे? (चोपडा)

लेवीय 19 काढा. ‘मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा’ असे म्हणून देव लगेच शेतात उतरतो. पीक कडेपर्यंत कापू नका, मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नका, वजनमापात लबाडी नको. आपल्या भाषेत सांगायचे तर कापूस वेचणाऱ्या बाईच्या गाठोड्यातून ‘ओल आहे’ म्हणून किलोभर कापू नका, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा, हिशेब त्याने मागण्याआधी करा.

हे लिहिताना मला माझेच चाळीस रुपये आठवतात. घरच्या वेचणीला आलेल्या एका मावशीचे, सुटे नाहीत म्हणून राहिलेले. पुढच्या रविवारी मी याच अध्यायावर बोललो आणि मजुरीच्या वचनाला आलो, तेव्हा ती मागच्या रांगेत पदर सावरत बसलेली दिसली. उपासना संपल्यावर मी दारातच खिशात हात घातला. सुटे तेव्हाही नव्हते. ती हसून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, बाजारना दिन द्या.”

बाजार शनिवारचा. मी तिला थांबवले आणि समोरच्या दुकानातून नोट मोडून आणली.