थोरलीची पावलं कुठे गेली?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईबाबांच्या बोलण्यात एक आकडा हटकून असतो. दहा हजार. "हिची दिवसाला पाच हजार पावलंसुद्धा होत नाहीत, मॅडम." "त्याची होतात, पण फक्त रविवारी." मनगटावरची घड्याळं पावलं मोजू लागली, तशी ही तक्रार वाढत गेली. तिच्यामागची काळजी अगदी खरी असते, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि सात भेटींमधलं निवडकच इथे घेतलं आहे.

कुटुंब ठाण्यातलं. थोरली बारा वर्षांची, सातवीत. धाकटा आठ वर्षांचा, तिसरीत. आई बँकेत, बाबा आयटीत, आजी घरी. दिवाळीत बाबांनी दोघांना सारखी घड्याळं घेतली आणि फ्रिजवर तक्ता लावला. रोज रात्री आकडा लिहायचा. धाकट्याचे बारा-तेरा हजार, थोरलीचे चार-साडेचार, आणि तिच्या रकान्यात लाल पेन. महिनाभरानं तिचा आकडा अचानक चौदा हजारांवर गेला. घरात कौतुक झालं, पिझ्झा आला. मग एका दुपारी आजीनं पाहिलं, थोरली पलंगावर बसून गणितं सोडवतेय आणि घड्याळ बांधलेला डावा हात लंबकासारखा हलतोय.

"आळशी होतीच, आता खोटंही बोलायला लागली," बाबा म्हणाले. ती शेजारीच बसली होती.

मी तिला एवढंच विचारलं, "पुढच्या भेटीपर्यंत घड्याळ माझ्याकडे ठेवशील?" तिनं बाबांकडे न बघता ते काढून टेबलावर ठेवलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता.

आईबाबांशी मी वेगळं बोलले. दहा हजारांचा आकडा कुठून आला हे बहुतेकांना माहीत नसतं. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं. नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. तिथून हा आकडा जगभर गेला. तो मुलांसाठी काढलेलाच नव्हता. मुलांची पावलं प्रत्यक्ष मोजली गेली तेव्हा प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलग्यांची साधारण १२ ते १६ हजार आणि मुलींची १० ते १३ हजार भरली, आणि अठराव्या वर्षापर्यंत ती आठ-नऊ हजारांवर उतरतात असं दिसलं. दहा देशांतल्या २७ हजारांहून अधिक मुलांच्या कमरेला यंत्रं बांधून जमवलेल्या नोंदी आहेत. त्यांत पाचव्या वर्षानंतर दर वर्षामागे एकूण हालचाल सुमारे चार टक्क्यांनी कमी होत जाते, आणि मुली मुलग्यांपेक्षा मागेच दिसतात. आठ वर्षांचा भाऊ आणि बारा वर्षांची बहीण एकाच तक्त्यात लिहिले की बहीण हरणारच.

"म्हणजे हे नैसर्गिकच म्हणायचं?" बाबांनी विचारलं. आवाजात थोडी सुटका होती.

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि मी इथे ठाम असते. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाचे ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली रोजच्या तासभर हालचालीपर्यंत पोचत नव्हत्या. इतक्या सगळ्यांच्या बाबतीत घडतं म्हणून ते आपोआप घडतं असं होत नाही. प्रत्येक घरात त्याला कारण असतं, आणि ते त्याच घरात शोधावं लागतं.

चौथ्या भेटीत मी थोरलीला दोन मोठे कागद दिले. एकावर तिसरीतला तिचा दिवस काढायचा, दुसऱ्यावर आजचा. कुठे कुठे जातेस ते फक्त काढ, म्हटलं. आई बाजूला बसली होती. तिसरीचा कागद भरत गेला. पार्किंग, गच्ची, मागची भिंत, वॉचमनकाकांची केबिन, सायकल, लगोरीसाठी फरशीचे तुकडे लपवायची जागा. सातवीच्या कागदावर घर, लिफ्ट, व्हॅन, शाळा, व्हॅन, लिफ्ट, क्लास आणि बाबांची स्कूटर. कोपऱ्यात छोटंसं 'कथ्थक'.

"कथ्थकला घड्याळ घालतेस?"

"नाही, ताई. हस्तक करताना, म्हणजे हात फिरवताना, अडतं. काढून ठेवते."

"तत्कार, ते पायांचं काम, किती वेळ करता?"

"मोजत नाही. दम लागेपर्यंत."

आठवड्यातले तिचे सर्वांत घामाचे दोन तास तक्त्यात कधी आलेच नव्हते. बाबांच्या लेखी तो व्यायामच नव्हता, तो 'क्लास' होता. मग मी तिसरीच्या कागदावर बोट ठेवलं. "हे पार्किंग कधी गेलं?"

"सहावीच्या मे महिन्यात."

"तेव्हा काय झालं?"

तिनं आईकडे पाहिलं. "पाळी आली."

"खेळू नको असं कुणी म्हणालं?"

"कुणीच नाही. पण मी खाली गेले की आजी गॅलरीत येऊन उभी राहते. मग मी पळत नाही, नुसती उभी राहते. मग मला कुणी संघात घेत नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी खोलीतली शांतता भरून काढायची घाई करायची नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "धाकटा साडेआठला वर येतो. हिला मी दिवेलागणीलाच हाक मारते. सायकलही मीच बंद केली." मग थांबून, "मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. नववीत सोडलं. दहावीसाठी सोडलं असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आले."

थोरली आईकडे बघत राहिली. आई कधी खो-खो खेळायची हे तिला माहीतच नव्हतं.

मूल एकटं बदलत नाही, घर थोडं सरकलं की ते बदलतं, ही माझ्या कामामागची जुनी धारणा आहे. त्या दुपारी मला त्या धारणेची आणखी एक बाजू दिसली. घड्याळ मुलीच्या मनगटावर होतं, पण आकसलं होतं तिच्याभोवतीचं अंगण. चार हजार हा आकडा त्या अंगणाचा होता, आणि आम्ही सगळे तो तिचा स्वभाव म्हणून वाचत होतो. हे त्या दिवशी वेळेत ओळखता आलं, याचं मला आजही समाधान आहे.

तुमच्याही घरात असा तक्ता असेल, तर आधी तो उतरवा. मोजायचंच असेल तर आठवडाभर साध्या वहीत मोजा, आणि लिहू द्या मुलांनाच. कुठे गेलो, कुणाबरोबर, दम लागला का, घाम आला का. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ५ ते १७ वयासाठी सांगितलेला तास हा आठवड्याची सरासरी आहे. एखादा मंगळवार बसून गेला तर बिघडत नाही. आठवड्यातून किमान तीन दिवस मात्र जोराची आणि हाडं-स्नायूंना ताण देणारी हालचाल हवी. दोरीवरच्या उड्या, फुगडी, लंगडी, सगळं चालतं.

"सलग अर्धा तास खेळत नाही" ही तक्रारही सोडा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या मुलांची हालचाल दर तीन सेकंदांनी नोंदवली गेली. त्यांच्या जोरदार हालचालींपैकी ९५ टक्के पंधरा सेकंदांच्याही आतल्या निघाल्या. लहान मुलं उसळतात, थांबतात, पुन्हा उसळतात. मिनिटामिनिटाची बेरीज करणाऱ्या यंत्रात यातलं पुष्कळ सपाट होतं. सायकलचं पेडल मारताना मनगट हँडलवर स्थिर असतं, त्यामुळे पावलांच्या हिशेबात सायकल जवळपास येतच नाही. कपडे वाळत घालणं, केर काढणं हीसुद्धा हालचाल आहे. ती कुणाच्या वाट्याला येते आणि कुणाच्या नाही, तेही त्या वहीत दिसू द्या.

मुलगी वयात येत असेल तर पळताना अवघडणार नाहीत असे आतले कपडे आणि शाळेत पॅड बदलायची सोय, या दोन गोष्टी कुठल्याही घड्याळापेक्षा आधी बघा. एकदम थकवा येऊ लागला असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. अशा मुलीला आळशी म्हणणं फार मोठा अन्याय आहे.

त्या घरात पुढे एवढंच झालं. दोघांना वर बोलवायची वेळ एक झाली. सायकल सोसायटीच्या आतल्या रस्त्यापुरती परत आली. बाबा एकदा कथ्थकच्या वर्गाबाहेर तासभर बसून आले. आजींना मी एकदाच भेटले. त्यांची भीती त्यांच्या काळातून आलेली होती, ती एका भेटीत जाणार नव्हती.

शेवटच्या भेटीत थोरली म्हणाली, "आजी अजून गॅलरीत येते. पण आता मीच खालून हाक मारते तिला, लगोरी कशी रचलीय बघ म्हणून."