शंका-समाधान : कंट्रोल व्हॉल्व्हची निवड आणि त्याची डेटाशीट

प्रश्न : आमच्या पाण्याच्या लाइनचा व्यास १०० मिमी असल्यामुळे कंट्रोल व्हॉल्व्हही (प्रवाह आपोआप कमीजास्त करणारी झडप) १०० मिमीचाच घेतला. तो ग्लोब प्रकारचा, म्हणजे दांड्याला जोडलेला प्लग सीटवर वरखाली होणारा आहे. त्याची ट्रिम (प्लग, सीट हे आतले भाग) लिनिअर, म्हणजे जितकी उघडेल तितक्या प्रमाणात वाट देणारी आहे. पूर्ण उघडल्यावर त्याचा केव्ही (प्रवाहक्षमतेचा आकडा) १६० आहे. नेहमीच्या भारावर तो जेमतेम २० टक्के उघडतो आणि भार उतरला की ५-६ टक्क्यांवर येऊन प्रवाह सतत वरखाली होत राहतो. कंट्रोलरचे ट्यूनिंग तीन वेळा बदलून पाहिले. पोझिशनर (सिग्नलप्रमाणे दांडा नेमक्या जागी नेणारे उपकरण) सदोष असेल का? किमान, नेहमीचा आणि कमाल प्रवाह अनुक्रमे १५, ४० व ५५ घनमीटर प्रतितास असून त्या त्या वेळी व्हॉल्व्हवरील दाबफरक २.६, १.६ आणि ०.६ बार असतो.

उत्तर : आपण तिन्ही प्रवाहांचे दाबफरक वेगवेगळे कळवलेत हे फार बरे झाले, बहुतेक पत्रांत एकच आकडा असतो आणि तोही कुठल्या प्रवाहाचा ते लिहिलेले नसते.

व्हॉल्व्हवर १ बार दाबफरक असताना त्यातून तासाला जितके घनमीटर पाणी जाते, तो त्याचा केव्ही. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत प्रवाहाला दाबफरकाच्या वर्गमुळाने भागले की लागणारा केव्ही मिळतो. (अमेरिकी पद्धतीच्या कॅटलॉगमध्ये सीव्ही दिलेला असतो, म्हणजे १ पीएसआय दाबफरकाला मिनिटाला किती अमेरिकी गॅलन पाणी जाते तो आकडा; त्याला ०.८६५ ने गुणले की केव्ही येतो. या दोहोंची गल्लत अजूनही होते.) आपल्या आकड्यांवरून किमान प्रवाहासाठी सुमारे ९.३, नेहमीच्या प्रवाहासाठी ३१.६ आणि कमाल प्रवाहासाठी ७१ इतका केव्ही लागतो. आपला व्हॉल्व्ह १६० चा आणि लिनिअर असल्याने तो या तीन स्थितींत अनुक्रमे ६, २० आणि ४४ टक्के उघडणार, आणि आपल्याला दिसते आहे ते नेमके हेच. म्हणजे पोझिशनर बहुधा आपले काम चोख करीत आहे. त्याला जे काम दिले आहे तेच अशक्य आहे.

सहा टक्के उघडलेल्या लिनिअर व्हॉल्व्हचा दांडा एका टक्क्याने हलला तर केव्ही जवळपास सहाव्या हिश्शाने बदलतो. पॅकिंगमधील (दांड्याभोवतीच्या गळतीरोधक भरणातील) घर्षणामुळे दांडा आधी अडकून राहतो आणि मग एकदम सुटतो, तेव्हा अर्ध्या-एक टक्क्याची उडी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्या उडीचे रूपांतर प्रवाहातील मोठ्या धक्क्यात होत असेल, तर कंट्रोलरचे ट्यूनिंग कितीही बदलले तरी फरक पडत नाही. फार तर हेलकावे मंद होतात. शिवाय प्लग सीटला इतका चिकटून राहिल्यामुळे पाण्याची वेगवान धार सतत त्या दोन कडांवरून जाते आणि ट्रिम अकाली झिजते.

आता याच जागी १०० केव्हीची, इक्वल पर्सेंटेज प्रकारची ट्रिम कल्पून पाहा. या प्रकारात दांड्याच्या सारख्या हालचालीला केव्हीत सारखा शेकडा बदल होतो. ट्रिमची रेंजेबिलिटी (नियंत्रणात राहणाऱ्या सर्वाधिक आणि सर्वांत कमी केव्हीचे गुणोत्तर) ५० धरली तर प्रत्येक टक्का हालचालीला सुमारे ४ टक्के, मग व्हॉल्व्ह कुठेही उभा असो. गणित केले असता आपले तीन प्रवाह सुमारे ३९, ७१ आणि ९१ टक्के उघड्या स्थितीत येतात. ९१ हा आकडा काहींना काठावरचा वाटेल, परंतु ५५ घनमीटर या कमाल प्रवाहातच पुढच्या वाढीची तरतूद धरलेली असेल तर मला त्यात काही वावगे दिसत नाही.

इक्वल पर्सेंटेज इथे का शोभते, याचे उत्तर आपल्याच दाबफरकांत आहे. प्रवाह वाढला की पंपाचा दाब उतरतो, पाइप, फिल्टर आणि हीट एक्स्चेंजर अधिक दाब खातात, आणि व्हॉल्व्हच्या वाट्याला २.६ बारवरून ०.६ बार उरतो. अशा लाइनमध्ये लिनिअर व्हॉल्व्ह सुरुवातीला भसकन प्रवाह देतो आणि शेवटी उघडूनही फारसा फरक पडत नाही. इक्वल पर्सेंटेजची वक्ररेषा या घसरणीची बरीचशी भरपाई करते. व्हॉल्व्हवरील दाबफरक जवळपास स्थिर राहणार असेल, उदाहरणार्थ बऱ्याच लेव्हल नियंत्रणात, तर मात्र लिनिअरच घ्यावा.

मुळात हा आकार ठरला कसा, हेही विचारात घ्यावे. प्रक्रियेचा अभियंता प्रवाहात १०-२० टक्के जास्तीचे धरतो, पंप निवडणारा पुढच्या मापाचा पंप घेतो, व्हॉल्व्हचा हिशेब करणारा आपली वेगळी भर घालतो आणि शेवटी पुरवठादार कॅटलॉगमधील वरचे माप देतो. प्रत्येकाने खबरदारी घेतलेली असते आणि तिचा एकत्रित परिणाम मोठ्या पाइपवर मोठा व्हॉल्व्ह असा होतो. पाइपचा व्यास वेग आणि घर्षण पाहून ठरतो, व्हॉल्व्हचा आकार केव्हीवरून ठरतो. त्यामुळे व्हॉल्व्ह लाइनपेक्षा एक माप लहान निघणे हे चुकीचे नव्हे, उलट बहुधा हिशेब बरोबर झाल्याचे लक्षण आहे. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना रिड्यूसर (पाइपचा व्यास बदलणारे जोड) आले की प्रत्यक्ष केव्ही किंचित घटतो. ग्लोबमध्ये ही घट थोडी असते, बॉल (भोक असलेला गोळा फिरणाऱ्या) आणि बटरफ्लाय (चकती फिरणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये ती दुर्लक्षिण्याजोगी नसते.

आपल्याला नवा व्हॉल्व्ह घ्यावा लागेलच असे नाही. उत्पादकाकडे याच बॉडीत बसणारी कमी केव्हीची इक्वल पर्सेंटेज ट्रिम मिळते का, ते आधी विचारावे.

प्रश्न : ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यावरील आमच्या बॉल प्रकारच्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो आणि काही महिन्यांत आतला भाग स्पंजासारखा खड्डेदार होतो. आधीचा दाब निरपेक्ष ७ बार आणि नंतरचा १.५ बार आहे. स्टेलाइटचा (एका कठीण मिश्रधातूचा) थर द्यावा असे पुरवठादार सुचवतो. त्याने प्रश्न सुटेल का?

उत्तर : आवाज आणि खड्डे ही दोन्ही लक्षणे कॅव्हिटेशनची आहेत. सर्वांत अरुंद जागी पाण्याचा वेग वाढून दाब बाष्पदाबाखाली (ज्या दाबाला त्या तापमानाच्या पाण्याची वाफ होऊ लागते त्याखाली) जातो, वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पुढे दाब पुन्हा सावरला की ते फुटताना धातूचे कण ओरबाडून नेतात. ८० अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे ०.४७ बार असतो. आपला नंतरचा दाब त्याच्या वर असल्याने हे फ्लॅशिंग, म्हणजे झालेली वाफ पुढेही वाफच राहणे, नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण नंतरचा दाबच बाष्पदाबाखाली असता तर कुठलीही ट्रिम वाफ होणे थांबवू शकली नसती, आणि तेव्हा कठीण धातूची ट्रिम, अँगल बॉडी आणि पुढे रुंद पाइप एवढेच उपाय उरले असते.

चोकिंगची (दाबफरक वाढवूनही प्रवाह वाढत नाही त्या स्थितीची) मर्यादा आयईसी ६०५३४ मानकातील सूत्राने काढता येते. त्यात व्हॉल्व्हचा दाब-पुनर्प्राप्ती गुणांक एफएल येतो. आतून सरळ वाट असलेल्या व्हॉल्व्हमध्ये दाब जास्त सावरतो, म्हणून त्यांचा एफएल कमी. बॉलसाठी ०.७ धरला तर आपल्या स्थितीत मर्यादा सुमारे ३.२ बार येते, ग्लोबसाठी ०.९ धरला तर ५.३ बार. आपला प्रत्यक्ष दाबफरक ५.५ बार आहे, म्हणजे साधा ग्लोबही पुरणार नाही. त्यातून कॅव्हिटेशनची सुरुवात चोकिंगच्या बरीच आधी होत असते. दाब टप्प्याटप्प्याने उतरवणारी कॅव्हिटेशनरोधक ट्रिम घ्यावी, किंवा जमत असेल तर व्हॉल्व्ह हीटरच्या आधी, थंड पाण्यावर, अधिक दाबाच्या जागी हलवावा. दुसरा उपाय स्वस्तही असतो, पण तो पाइपिंगचे आराखडे निघण्यापूर्वी सुचावा लागतो. स्टेलाइटने झीज लांबणीवर पडेल. आवाज मात्र जसाच्या तसा राहील.

प्रश्न : गळती शून्य हवी म्हणून सर्वच व्हॉल्व्हना वर्ग ६ (बंद व्हॉल्व्हमधून किती गळती चालेल ते सांगणाऱ्या मानकातील एक कडक श्रेणी) मागावा का?

उत्तर : नाही. वर्ग ४ मध्ये मानकाच्या चाचणीत निर्धारित क्षमतेच्या ०.०१ टक्का एवढीच गळती चालते आणि धातूच्या सीटला ती साधते. सतत अर्धवट उघड्या राहणाऱ्या व्हॉल्व्हला एवढे पुरते. वर्ग ६ साठी सहसा मऊ सीट लागते, तिला तापमानाची मर्यादा येते आणि मळकट द्रवात ती लवकर चिरते. प्रवाह पूर्ण तोडणे प्रक्रियेला खरोखरच आवश्यक असेल, तर त्यासाठी वेगळा ऑन-ऑफ व्हॉल्व्ह ठेवावा.

प्रश्न : व्हॉल्व्ह चालवणारी दाबाची हवा गेल्यावर तो उघडावा की बंद व्हावा, हे कोणी ठरवायचे? पुरवठादार डेटाशीटमधील (व्हॉल्व्हच्या मागणीचा तपशील भरण्याच्या तक्त्यातील) हा रकाना आमच्याकडेच परत पाठवतो.

उत्तर : पुरवठादाराचे बरोबर आहे. भट्टीचे इंधन बंद व्हावे आणि उष्णता निर्माण करणाऱ्या रिअ‍ॅक्टरचे थंड पाणी चालू राहावे, हे प्रक्रिया जाणणाराच सांगू शकतो. स्प्रिंग-डायफ्रॅम अ‍ॅक्चुएटरमध्ये (हवेच्या दाबाने पडदा ढकलून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेत) ही दिशा स्प्रिंग ठरवते. मात्र हवा शाबूत असताना ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल तुटला तर पोझिशनरने काय करावे, हा वेगळा प्रश्न असून तोही लिहून द्यावा. डेटाशीटच्या त्याच पानावर अ‍ॅक्चुएटरसाठी बंद स्थितीतील कमाल दाबफरक भरावा लागतो आणि तिथे पुष्कळ जण नेहमीचा दाबफरकच उतरवून मोकळे होतात. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हा पंप आपला सर्वाधिक दाब देत असतो आणि पुढची बाजू रिकामीही असू शकते. वरच्या पहिल्या पत्रातील लाइनमध्ये तो आकडा १.६ नव्हे, २.६ बारहूनही जास्त येईल.