मुलाच्या रिपोर्टात ‘स्त्री-संप्रेरक’ कसं?

नागपूरच्या एका आईचा प्रश्न आहे. धंतोलीतल्या लॅबमधून मुलाचा रिपोर्ट आला. “पोट्टा चौदाचा, वर्षभरात ताडमाड वाढला. टेस्टोस्टेरॉनसोबत इस्ट्रॅडिओलही लिहून आलं. इस्ट्रॅडिओल म्हणजे इस्ट्रोजेनच, आणि त्याला तर आपण स्त्री-संप्रेरक म्हणतो. मग शब्द चुकीचा की रिपोर्ट?”

आकडा वयाला धरून आहे का, ते डॉक्टरच सांगतील. पण मुलाच्या रक्तात इस्ट्रॅडिओल असण्यात वावगं काहीच नाही. तोकडा पडतो तो शब्दच, आणि आपण तो सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

संप्रेरक हा शब्द छानच आहे. ‘हॉर्मोन’ हे नाव ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये रूढ केलं ते ‘चेतवणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या शब्दातही प्रेरणा आहेच. घोटाळा त्याच्या आधी ‘स्त्री’ लावल्यावर होतो. कसा, ते उंचीच्या उदाहरणावरून बघा. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथी वाढ संप्रेरक सतत झिरपू देत नाही, लाटालाटांनी सोडते, आणि मोठी लाट येते गाढ झोपेत. मेंदूतला हायपोथॅलॅमस एका संप्रेरकाने तिला ‘सोड’ म्हणतो, सोमॅटोस्टॅटिनने ‘थांब’ म्हणतो. वयात येताना या लाटांची संख्या फारशी वाढत नाही, त्या उंच होतात. मुलींमध्ये हे इस्ट्रोजेनमुळे होतं. मुलांमध्ये? तिथे टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अ‍ॅरोमॅटेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) इस्ट्रॅडिओल बनतो, आणि लाटा उंचावण्याचं काम मुख्यतः तोच करतो. मुलांमध्ये इस्ट्रोजेनचा परिणाम औषधाने अडवला की वाढ संप्रेरक कमी सुटतं. ज्याचं इस्ट्रोजेन होऊच शकत नाही, त्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनने (टेस्टोस्टेरॉनच्याच एका रूपाने) ते वाढत नाही. स्नायूंवर मात्र टेस्टोस्टेरॉन स्वतःच काम करतं, तेवढं श्रेय त्याचंच.

उंची थांबवणारंही इस्ट्रोजेनच. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा (ग्रोथ प्लेट) त्याच्यामुळे बंद होतात, मुलांच्यासुद्धा. 1994 मध्ये एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन ओळखताच येत नव्हतं. वय 28, उंची 204 सेंटिमीटर, आणि कूर्चा अजून उघड्या! ‘स्त्री-संप्रेरक’ म्हणणाऱ्याला हा माणूस समजावून कसा सांगणार?

म्हणून लिहिताना सरळ इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन लिहावं. दोन्ही नावं मराठीत रुळलेली आहेत. गटाबद्दल बोलायचं तर ‘लैंगिक संप्रेरके’ चालेल. ‘पाळी सुरू असलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनचं प्रमाण जास्त असतं’ हे खरं आहे, पण ते वाक्यात सांगावं, नावात कोंबू नये. चौदा वर्षांच्या पोट्ट्याने स्वतःच्या रिपोर्टात ‘स्त्री-संप्रेरक’ वाचलं तर तो शाळेत कुणाला सांगणार नाही आणि घरी विचारणारही नाही. त्याला एवढंच सांगा, की हे इस्ट्रॅडिओल त्याच्याच टेस्टोस्टेरॉनपासून बनलंय आणि त्याच्या उंचीला त्याचा हातभार आहे.