मेंदूत शिरलेल्या विषाणूशी शरीर कसे लढते?

आपण विचारले आहे की, चंडीपुरा तापात काल खेळणारे मूल आज दगावते, तर मेंदूत गेलेल्या विषाणूशी शरीर लढतच नाही का? शरीर लढते, परंतु मेंदूत त्याला हात राखून लढावे लागते, आणि हा विषाणू तेवढी उसंत देत नाही.

मी भंडारा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. १९६५ साली आपल्या नागपूरकडच्या चंडीपुरा येथील रुग्णांत प्रथम सापडलेल्या या विषाणूबद्दल पालक दर पावसाळ्यात काळजीने विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

इतर अवयवांत टी पेशी (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) विषाणूग्रस्त पेशी मारून टाकतात आणि तिथे नव्या पेशी तयार होतात. मेंदूतील चेतापेशी मात्र एकदा गेल्या की बहुधा परत येत नाहीत. पुंजण्यात उंदीर शिरला म्हणून कोणी धानाचे पुंजणे पेटवत नाही, तसेच हे आहे. म्हणून बाधित पेशी आधी इंटरफेरॉन हे इशारा देणारे प्रथिन सोडते, ज्यामुळे शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूच्या प्रती निघणे मंदावते. हे किती मोलाचे आहे पाहा: इंटरफेरॉनच्या या यंत्रणेत जन्मजात दोष असलेल्या काही मुलांना, ती एरवी धडधाकट असूनही, नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूने मेंदूज्वर होतो. मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशीही जाग्या होतात. पुढे प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून चिकटणारी शरीराची प्रथिने) चेतापेशीच्या पृष्ठभागावरील विषाणूच्या प्रथिनांना चिकटतात आणि पेशी न मारता आतील विषाणूची वाढ थांबवतात. उंदरांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे.

अडचण वेळेची आहे. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, तर चंडीपुरात झटके आणि बेशुद्धी एक-दोन दिवसांत येते. २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ बाधित मुलांपैकी १८३ दगावली. शिवाय बंद कवटीत दाहामुळे येणारी सूज हीच जिवावर बेतते. चंडीपुराच्याच कुळातील रेबीजचा विषाणू मात्र नसांतून सावकाश सरकत मेंदूकडे जातो, आणि म्हणूनच कुत्रा चावल्यानंतर तातडीने घेतलेली लस वाचवू शकते.

चंडीपुरावर अजून लसही नाही आणि खास औषधही नाही. त्यामुळे तापासोबत झटके, उलट्या किंवा गुंगी दिसली तर झाडफुंक करण्यात रात्र न घालवता मुलाला थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे, कारण झटके, श्वास आणि मेंदूची सूज सांभाळणे एवढेच तिथे करता येते आणि तेच मुलाला वेळ मिळवून देते. जपानी मेंदूज्वर हा वेगळ्या विषाणूचा आजार आहे; त्याची लस विदर्भातील काही जिल्ह्यांत नवव्या महिन्यापासून मोफत मिळते. ती चुकवू नये. चंडीपुरा पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते, तेव्हा घराच्या व गोठ्याच्या भेगा पावसाळ्याआधीच लिंपून घ्याव्यात.