लहान इंजिनं आणि एटीव्ही-स्नोमोबिलची दुरुस्ती शिकायची आहे; कोर्स करू की थेट वर्कशॉपला लागू?

तुम्ही लिहिलंय की हातात पाना-पक्कड धरायची सवय आहे, पण इंजिन कधी उघडलेलं नाही, आणि कोर्स की उमेदवारी हे ठरत नाहीये. माझं मत सांगतो. कोर्स केलात तरी उमेदवारी चुकत नाही, आणि नुसतीच उमेदवारी केलीत तर मोजायला शिकायचं राहून जातं. या कामात भाग बदलणारे पुष्कळ भेटतात, बिघाड नेमका शोधणारे कमी. म्हणून काय शिकायचं आणि कोणत्या क्रमाने, ते आधी सांगतो. कुठे शिकायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर करा. होंडा जीएक्स160 किंवा त्याच घडणीचं कुठलंही बंद पडलेलं इंजिन चालेल. पंप, जनरेटर, कॉम्प्रेसर, सगळीकडे तेच बसवलेलं असतं, आणि त्याचं सर्व्हिस मॅन्युअल सहज मिळतं. ते पूर्ण उघडा, प्रत्येक माप वहीत लिहा, जोडा, चालू करा आणि पुन्हा उघडा. पहिल्या वेळी फक्त कुठला भाग कुठे बसतो ते कळतं. तो तिथेच का बसतो, ते दुसऱ्या खेपेला.

फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) काढताना नवशिके हमखास हातोडी उचलतात. उचलू नका. प्लगच्या भोकातून जाड दोरी सिलिंडरमध्ये सोडा, म्हणजे पिस्टन तिच्यावर अडकून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरायचा थांबतो. तेव्हा दोन्ही वॉल्व्ह बंद असायला हवेत, नाहीतर दोरी वॉल्व्हखाली किंवा पोर्टमध्ये अडकते. नट सैल करा आणि फ्लायव्हील पुलरने ओढा. खाली क्रँकच्या खाचेत छोटी चावी दिसेल, ती नीट बघा. गवत कापायच्या यंत्राचं पातं दगडावर आदळलं की ही चावी अर्धवट कापली जाते, फ्लायव्हील किंचित सरकतं आणि टायमिंग बिघडतं. करंट येतो, पेट्रोल येतं, कॉम्प्रेशन ठीक असतं, तरी इंजिन चालू होत नाही किंवा स्टार्टरची दोरी उलटा झटका देते. अशा वेळी लोक उगाच कार्बोरेटर बदलत बसतात.

जोडताना कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकच्या गिअरवरच्या खुणा समोरासमोर आल्याच पाहिजेत, आणि कनेक्टिंग रॉडची टोपी उलटी बसता कामा नये. बोल्ट टॉर्क रेंचने, दोन-तीन टप्प्यांत, तिरपे-समोरासमोर आवळा. ॲल्युमिनियममधल्या एम6 बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस त्याच्या दुप्पट सहज लावतो आणि आटे उपटतो. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवता येते. तेही टाकाऊ ब्लॉकवर शिकून घ्या.

टॅपेट सेटिंग, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, थंड इंजिनावरच करायची. जीएक्स160 च्या बऱ्याच मॉडेलांना इनटेक 0.15 आणि एक्झॉस्ट 0.20 मिलिमीटर, पण आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. एक्झॉस्ट वॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो, म्हणून त्याला जागा जास्त. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला) आहे ना, हे दोन्ही रॉकर सैल लागतात का यावरून तपासा. सहज चालू व्हावं म्हणून बऱ्याच इंजिनांत डीकॉम्प्रेशनची सोय असते आणि ती एक वॉल्व्ह किंचित उघडा धरते. तशा इंजिनात टीडीसीच्या थोडं पुढे जाऊन मोजावं लागतं, किती पुढे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. खडखडणाऱ्या टॅपेटकडे सगळ्यांचं लक्ष जातं. खरा धोका घट्ट टॅपेटचा: आवाज काहीच नाही, पण तापल्यावर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि वॉल्व्ह जळतो. थंड असताना एका झटक्यात चालू होणारं इंजिन गरम झाल्यावर चालू होत नसेल, तर सगळ्यात आधी इथे बघा.

आता निदान. बंद इंजिन समोर आलं की काहीही उघडण्याआधी सात-आठ वेळा दोरी ओढा आणि प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर करंटचा घोळ आहे किंवा पेट्रोल जास्त झालंय. करंट बघायला स्पार्क टेस्टर वापरा. प्लग हेडला टेकवून ठिणगी बघायची जुनी पद्धत पेट्रोलच्या वाफा असतील तिथे जीवावर बेतू शकते. ठिणगी येतेय पण इंजिन चालू होत नाही, असं असेल तर कार्बोरेटरच्या तोंडात दोन-चार थेंब पेट्रोल टाका. क्षणभर चालून बंद पडलं तर करंट आणि कॉम्प्रेशन दोन्ही पास, दोष पेट्रोलच्या वाटेवर. इतक्या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि बऱ्याच शक्यता गळून पडतात. कॉम्प्रेशन गेजवर मात्र आंधळा विश्वास नको, कारण डीकॉम्प्रेशनवाल्या इंजिनात आकडा कमीच येतो. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती दाखवणारं उपकरण) खरं सांगतो: हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे जनरेटर हंटिंग करतो, आवाज सतत वर-खाली होतो. लगेच गव्हर्नरच्या (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगला हात लावू नका. चोक अर्धा ओढा. आवाज स्थिर झाला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे एकतर पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग) तुंबलाय किंवा कार्बोरेटर आणि हेडच्या मधून बाहेरची हवा आत येतेय. त्या जोडावर साधं पाणी फवारून आवाज बदलतो का ते पाहा. बदलला तर गॅसकेट. नाही बदलला तर पायलट जेट. जीएक्स160 च्या कार्बोरेटरमध्ये तो आयडलच्या स्क्रूखाली दाबून बसवलेला छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. स्क्रू काढला की अलगद उचलून निघतो, पण तो तिथे आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. उजेडासमोर धरा, भोकातून आरपार प्रकाश दिसला पाहिजे. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. त्यात लोखंडी तार किंवा सुई घातलीत तर ते मोठं होतं, आणि मग तो जेट कायमचा गेला. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा आणि कार्ब क्लीनर पुरतो. मेन जेटच्या वरची इमल्शन ट्यूबही काढा, तिच्या बाजूच्या भोकांत शिळ्या पेट्रोलचा चिकटा बसतो. रबराचे भाग क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात आणि परत बसत नाहीत.

साफ केल्यावर इंजिन तापू द्या आणि फ्रिक्वेन्सी बघा. दोन पोलच्या जनरेटरला 50 हर्ट्झसाठी 3000 आरपीएम लागतात, 60 साठी 3600. भार पडला की वेग थोडा उतरतो, म्हणून रिकामा चालताना साधारण 52 किंवा 62 ठेवायचे. इन्व्हर्टर जनरेटरला हा हिशेब लागू नाही, त्याचा वेग भारानुसार बदलतो आणि ते बरोबरच आहे. त्यालाही हंटिंग समजून पिळणारे भेटतात.

टू-स्ट्रोक वेगळा विषय आहे आणि तो घाईत उरकू नका. तेलाचं प्रमाण 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलि, 25:1 म्हणजे 40 मिलि. डब्यात आधी तेल, मग पेट्रोल. जाम झालेलं इंजिन आलं तर पिस्टन नीट बघा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर बहुतेक वेळा जास्त तापणं किंवा पेट्रोल कमी पडणं. चहूबाजूंनी खरवडला असेल तर तेलच नव्हतं. कारण न शोधता नवा पिस्टन टाकलात तर तोही काही तासांत जातो. म्हणून जोडल्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे 0.5 बार हवा भरा, क्रँक हळूहळू फिरवत काटा खाली येतो का बघा, आणि मग तीच तपासणी व्हॅक्यूमने करा. काही ऑइल सील आतून दाब दिला की बंद बसतात आणि ओढ लागली की गळतात, त्यामुळे एकच तपासणी केली तर फसगत होते. आणखी एक गोष्ट: चेनसॉचा क्लच आणि ब्रश कटरच्या पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचे असतात. जोर लावण्याआधी आठवा.

वायरिंग शेवटी शिकू असं म्हणतात, मी ते दुसऱ्या महिन्यातच घ्यायला सांगेन. एटीव्ही (खडबडीत जमिनीवरची चारचाकी), जेट स्की (पाण्यावरची स्कूटर), स्नोमोबिल (बर्फावरची गाडी) यांत पुष्कळ तक्रारी शेवटी वायरिंगवर येऊन थांबतात. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना ती 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन वेगात असताना चार्जिंग साधारण 13.5 ते 14.5 हवं. वायर चांगली आहे का हे ओहममध्ये बघून कळत नाही. एकच धागा शिल्लक असला तरी ओहम ठीक दाखवतो. स्टार्टर दाबून वायरच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्टार्टरपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर त्या वाटेवर गंज किंवा सैल जोड आहे. चार्जिंग नसेल तर स्टेटरचा (चार्जिंगची वीज बनवणाऱ्या गुंडाळ्यांचा) कनेक्टर काढून तिन्ही वायरींच्या जोड्यांमध्ये एसी व्होल्टेज बघा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, आणि इंजिन बंद करून बघितल्यावर एकही वायर बॉडीला लागलेली नसावी. हे ठीक असेल तर रेग्युलेटर आणि त्याच्या अर्थिंगकडे वळा.

पॉवरस्पोर्ट्सचे, म्हणजे वर सांगितलेल्या अशा गाड्यांचे, स्वतःचे काही नियम आहेत. सीव्हीटीचा (बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरचा) बेल्ट तुटून आला तर नवा टाकण्याआधी क्लचच्या घरातले आणि शाफ्टच्या सीलवर गुंडाळलेले सगळे धागे काढा. पाण्यात बुडालेली एटीव्ही स्टार्टरने फिरवून बघू नका. प्लग काढा, पाणी बाहेर पडू द्या, कारण पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. ऑइल दुधाळ दिसतंय तोवर पुन्हापुन्हा बदला. बाहेरचं पाणी घेऊन थंड होणारी जेट स्की पाइप लावून धुताना आधी इंजिन चालू, मग नळ; बंद करताना आधी नळ, मग इंजिन. क्रम उलटला तर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं.

हत्यारांत एक गोष्ट बहुतेक याद्यांत नसते. जपानी यंत्रांवरचे जुने चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा सेट वेगळा घ्या. फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि स्पार्क टेस्टर पहिल्या दिवसापासून, बाकी हळूहळू. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. क्लोरिनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग तर अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

आता कोर्स की वर्कशॉप. कोर्स निवडताना दोन गोष्टींची चौकशी करा: एका चालत्या इंजिनामागे किती विद्यार्थी, आणि मुद्दाम बिघाड करून तो शोधायला लावतात का. फक्त उघड-जोड शिकवत असतील तर ते वर सांगितलेल्या इंजिनावर तुम्ही स्वतःही कराल. वर्कशॉपात गेलात तर टॉर्क रेंच भिंतीवर धूळ खातोय की वापरात दिसतोय ते बघा, आणि जॉब कार्डवर मापं लिहिलेली आहेत की नुसतं 'सर्व्हिस केली' एवढंच, तेही बघा. सुरुवातीचे काही महिने ऑइल बदलणं, टायर आणि कार्बोरेटर धुणं हेच वाट्याला येईल, त्याची तयारी ठेवा. त्या काळात शेजारच्या टेबलावरच्या प्रत्येक मशीनची तक्रार आणि शेवटी सापडलेलं कारण वहीत टिपत गेलात, तर पहिली निदानाची कामं तुमच्याकडे लवकर येतील.